पाणी कोणाच्या पैशाचे? चवदार तळे ते पडेगावचा टँकर

छावणी मागे टाकून दौलताबादच्या रस्त्याला लागलो की आधी पडेगाव येते, मग मिटमिटा, आणि पुढे किल्ल्याचा डोंगर दिसू लागतो. वेरूळला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या इथे थांबत नाहीत. थांबतात ते पाण्याचे टँकर. रस्त्याच्या आत गुंठेवारीच्या वसाहती आहेत, दारोदारी निळे ड्रम आहेत, आणि टँकर आला की बौद्ध, मुस्लिम, मातंग, बाहेरगावाहून मजुरीला आलेले अशा सगळ्यांची एकच धावपळ होते.

याच रस्त्याने पुढे गेले की दौलताबाद किल्ल्याचा दरवाजा लागतो. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी तिथे पोहोचले तेव्हा अंगावर प्रवासाची धूळ होती. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. काही जणांनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. थोड्याच वेळात एक म्हातारा आरडाओरडा करत मागून आला, आणि हौद बाटवला म्हणून जमाव जमला. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला, कारण ही माणसे किल्ल्यात कुठे पाण्याला शिवतात का यावर नजर ठेवायची होती. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवला आहे. जो हिंदूला अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, हे दाखवायला ते तो सांगतात, आणि चळवळीत तो त्याच संदर्भात सांगितला जातो. आम्हाला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते.

त्या दिवशी हौदापाशी बाबासाहेबांकडे दाखवायला एकही सरकारी कागद नव्हता. ब्रिटिश मुंबई इलाख्यात असा कागद होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. निजामाच्या राज्यात त्या ठरावाला काही किंमत नव्हती. पण तो ठराव नेमके काय म्हणत होता, हे आपल्यातले किती जण नीट वाचतात? सर्व पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, असे तो म्हणत नव्हता. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे आणि सरकारी वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने खुले करा, असे म्हणत होता. म्हणजे हक्काचा आधार दया नव्हता, धर्म नव्हता. खर्च झालेला पैसा सगळ्यांचा आहे, म्हणून पाणी सगळ्यांचे आहे, हा त्यामागचा तर्क होता.

१९२४ मध्ये महाड नगरपालिकेने या ठरावाला धरून तळे खुले असल्याचे जाहीर केले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्ण मंडळी कोर्टात गेली. दावा काय केला? एक म्हणजे वहिवाट अनादिकाळाची आहे. आणि दुसरे म्हणजे हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खाजगी आहे! हा दुसरा दावा लक्षात ठेवा. धर्मशास्त्राचा पाठिंबा पुरेना, तेव्हा त्यांनी मालकीचा आधार शोधला. दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बाबासाहेबांच्या बाजूने निकाली काढला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही.

पुढे संविधान आले. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत भेदभावाला बंदी आहे. ते कोणते? पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेले, किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेले. बोले ठरावाचा धागा इथे सरळ संविधानात येऊन बसला आहे. १९२३, १९३७, १९५०: तिन्ही वेळा पाण्यावरचा आपला हक्क सार्वजनिक तिजोरीला बांधून घेतलेला आहे.

म्हणून आमचे म्हणणे आहे की पाण्याच्या योजनेला पैसा कोण देतो, तो कर्जाऊ की अनुदान म्हणून, व्याज किती आणि बदल्यात काय लिहून घेतले, हे प्रश्न हिशेबतपासनीसांवर सोडून चालणार नाहीत. ते चळवळीचे प्रश्न आहेत. आपल्याकडे मात्र जातीय अत्याचारावर मोर्चा निघतो, पुतळ्याच्या विटंबनेवर बंद होतो, आणि महानगरपालिकेच्या कर्जाचा ठराव आला की आपण चहा प्यायला जातो. बाबासाहेब असे करणारे नव्हते.

बाबासाहेबांचे पहिले मोठे काम पैशावर आहे हे आपण विसरतो. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ चे आणि ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ १९२५ चे. दुसऱ्या पुस्तकाचा विषय ऐकायला कोरडा वाटतो: साम्राज्य सरकार आणि प्रांत यांच्यात उत्पन्न आणि खर्च कसा वाटला जात होता. पण त्यातला प्रश्न आजच्या कुठल्याही महापालिकेला विचारून पाहा. शाळा, आरोग्य, रस्ते, पाणी यांची जबाबदारी खालच्या सरकारवर आणि महसुलाची किल्ली वरच्याकडे, असे असेल तर खालचे सरकार काय करणार? महाराष्ट्रातल्या महापालिकांची जकात गेली, तिच्या जागी एलबीटी आली, तीही गेली, मग १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि महापालिका भरपाईच्या अनुदानाची वाट बघत बसल्या. पाणी द्यायचे कर्तव्य मात्र त्यांच्याकडेच राहिले. जिच्याकडे उत्पन्न नाही आणि कर्तव्य आहे, तिला कर्ज काढावे लागते. कोणाकडून काढायचे, एवढाच प्रश्न उरतो.

याचे उत्तर बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये देऊन ठेवले होते. त्यातला जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा भाग सगळ्यांना पाठ असतो. विम्याचा भाग कोणी सांगत नाही. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ माणसाचा सक्तीने विमा असावा, असे त्यांनी तिथे मांडले. त्यामागची दोन कारणेही दिली. सरकारी विम्यात माणसाला अधिक सुरक्षितता मिळते, हे एक. दुसरे कारण आपल्या विषयाचे आहे: विम्याचा पैसा हातात असेल तर राज्याला आपल्या आर्थिक योजनांसाठी स्वतःचे भांडवल मिळते, आणि नसेल तर त्याला पैशाच्या बाजारात जाऊन चढ्या व्याजाने कर्ज काढावे लागते. सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या महाराचे दुःख ज्याने पाहिले होते, त्याला सावकाराच्या दारात उभे राहणारे राज्यही दिसत होते.

१९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. त्यांच्या योजनेतला सक्तीचा विमा आला नाही, पण मक्तेदारी आली, आणि तिच्यामागोमाग त्यांनी सांगितलेले दुसरे कारणही खरे झाले. पुढची तीनेक दशके एलआयसीचा पैसा राज्य सरकारे, गृहनिर्माण संस्था, वीज मंडळे आणि नगरपालिकांच्या पाणीपुरवठा योजनांकडे दीर्घ मुदतीच्या कर्जाने वळला. रेल्वेचा गँगमन, प्राथमिक शिक्षक, गिरणी कामगार यांचा विम्याचा हप्ता पगारातून कापला जायचा, आणि त्यातला काही भाग कुठल्या तरी गावाच्या जलकुंभात जाऊन पडायचा. एलआयसी बँक नाही हे आम्हालाही कळते. पण सामान्यांची बचत गोळा करून ती सार्वजनिक कामाला लांब मुदतीने देणे हे जे सार्वजनिक बँकेचे खरे काम, ते पाण्याच्या बाबतीत आपल्या देशात आधी एलआयसीने आणि नंतर हुडकोने केले.

हुडको २५ एप्रिल १९७० ला स्थापन झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९ जुलै १९६९ ला, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि त्यात बँक ऑफ महाराष्ट्रही होती. मराठवाड्यात मात्र सरकारी बँक लोकांना त्याआधीपासून माहीत होती. निजामाच्या राज्यात १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक झाली. राज्याच्या उस्मानिया शिक्क्याचा कारभार तिच्याकडे होता. १९५६ ला ती रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात जाऊन स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्या आजोबांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘हैद्राबाद बँक’च होती. ती बँक आजोबांच्या पायाखालचा दगड झाली का, हा वेगळा प्रश्न. त्या काळात पाण्यासाठी मिळणारे कर्ज म्हणजे विहिरीचे आणि मोटारीचे कर्ज. ते भूविकास बँक द्यायची आणि जमीन गहाण ठेवून द्यायची. जमीन नाही, त्याला विहीर नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, मराठवाड्यात आपल्या लोकांनी गायराने कसली. पण गायरानाचा सातबारा नावावर नाही, त्यामुळे ते गहाण ठेवता येत नाही, त्यामुळे बँकेच्या दारात त्या जमिनीची किंमत शून्य. गावात पाणी होते, बँकही होती, आणि दोघींनाही एकच कागद लागत होता.

नळयोजनांचा प्रकार जरा वेगळा होता. कर्ज राज्याच्या हमीवर निघायचे. बांधकाम महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ करायचे, ज्याला पुढे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणू लागले. योजना पूर्ण झाली की ती नगरपालिकेच्या ताब्यात, आणि पाणीपट्टीतून हप्ते फेडायचे. कागदावर हे साधे आहे. प्रत्यक्षात नगरपालिकेची वसुली कमी पडायची, गळती वाढायची, वीजबिल थकायचे, व्याज मुद्दलावर चढायचे. सार्वजनिक कर्जाची बाजू मांडताना आम्ही हे लपवणार नाही. पण याहून मोठा दोष वेगळा होता आणि त्याची थकबाकी कोणी मोजली नाही. कर्ज सगळ्या गावाच्या नावावर, नळ मात्र वेशीपर्यंत. जलकुंभ कुठे बांधायचा, मुख्य वाहिनी कोणत्या आळीतून न्यायची, आणि शेवटच्या टोकाला दाब कोणाच्या घरी कमी पडणार, हे इंजिनिअरच्या नकाशात ठरते. त्या नकाशात आपली वस्ती बहुतेकदा शेवटच्या टोकाला असते. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्याला हे समजावून सांगायला नको.

आता शहराकडे येऊ. औरंगाबाद पाण्यासाठी कर्ज काढून वसलेले शहर नाही. मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला माणूस. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. नहर-ए-अंबरी तीनशे वर्षांहून अधिक काळ चालली. शहर वाढले, नहरी बुजल्या, आणि पाण्यासाठी गोदावरीकडे पाहावे लागले. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ ला पायाभरणी झालेले जायकवाडी धरण २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी राष्ट्राला अर्पण केले. पैठणचे पाणी चढावर उपसून शहरात येऊ लागले. ८ डिसेंबर १९८२ ला महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची अठरा खेडी तिच्यात आली. पडेगाव-मिटमिट्याचा भाग शहरात आला तो असा. ग्रामपंचायत गेली, महापालिकेची पट्टी आली, शहराचे पाणी मागून येईल असे सांगितले गेले.

२००९ च्या सुमारास केंद्राच्या योजनेतून शहराला समांतर जलवाहिनीसाठी अनुदान मंजूर झाले. प्रकल्प ७९२ कोटींचा होता, आणि त्यात जवळपास ३६० कोटी सरकारचे. उरलेल्यासाठी खाजगी भागीदार आणायचे ठरले. २०११ ला करार झाला आणि १ सप्टेंबर २०१४ पासून औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीच्या ताब्यात शहराचा पाणीपुरवठा गेला. पाणीपट्टी दरवर्षी वाढत जाणार होती. जलवाहिनी काही पुढे सरकली नाही, लोक रस्त्यावर आले, आणि २०१६ ला महापालिकेने करार रद्द केला. या काळात एक युक्तिवाद सतत ऐकू यायचा: सरकारकडे पैसा नाही, कंपनी पैसा आणते. कंपनी पैसा आणते कुठून? त्या दशकात आपल्या देशात रस्ते, वीज, बंदरे यांतल्या खाजगी प्रकल्पांना सर्वाधिक कर्ज सरकारी बँकांनीच दिले आणि नंतर बुडीत कर्जांचा डोंगरही त्यांच्याच ताळेबंदात उभा राहिला. म्हणजे पैसा आपल्याच ठेवींचा, मध्ये एक कंपनी, आणि नळाचा चावीवाला तिचा. ‘हे तळे खाजगी आहे’ हा महाडच्या वादींचा दावा उच्च न्यायालयात टिकला नव्हता. सत्तर-ऐंशी वर्षांनी तो करारनाम्याच्या रूपाने परत आला, आणि या वेळी तो मंजूर करणारे लोक आपणच निवडून दिलेले होते. त्यांत आपल्या पक्षांचे, आपल्या नावाने निवडून आलेलेही होते. त्यांना कोणी जाब विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

करार रद्द झाला आणि वर्षे गेली. १२ डिसेंबर २०२० रोजी १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. अडीच मीटर व्यासाची, सुमारे ३९ किलोमीटर लांबीची वाहिनी आणि नक्षत्रवाडीला नवे जलशुद्धीकरण केंद्र. पुढे योजना केंद्राच्या अमृत २.० मध्ये गेली आणि खर्च २,७४० कोटींवर पोहोचला. वाटणी अशी ठरली: केंद्र २५ टक्के, राज्य ४५ टक्के, महापालिका ३० टक्के. ३० टक्के म्हणजे ८२२ कोटी. ज्या महापालिकेला ठेकेदारांची बिले वेळेवर देता येत नाहीत, तिने ८२२ कोटी आणायचे! २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे पैसे हुडकोच्या कर्जातून उभे करायला मंजुरी दिली. त्याच निर्णयात नागपूरच्या मलनिस्सारण प्रकल्पांसाठी आणि मीरा-भाईंदरच्या पाण्यासाठीही कर्ज होते.

म्हणजे खाजगीकरणाची एक फेरी मारून शहर पुन्हा सार्वजनिक कर्जावरच आले. आम्ही याचे स्वागत करतो, पण डोळे उघडे ठेवून. हुडको आज १९७० ची हुडको नाही. मे २०१७ पासून तिचे शेअर बाजारात आहेत. ती बाजारातून पैसा उचलते, त्यावर आपला नफा चढवते आणि पुढे देते. ८२२ कोटींवर व्याजाचा एक टक्का म्हणजे वर्षाला सव्वाआठ कोटी. व्याज दोन टक्क्यांनी कमी असते तर दरवर्षी साडेसोळा कोटी वाचले असते आणि त्यात कितीतरी वसाहतींच्या अंतर्गत वाहिन्या झाल्या असत्या. १९४७ साली बाबासाहेब ज्या चढ्या व्याजाबद्दल बोलत होते ते हेच.

कमी व्याज शक्य असते का? नेदरलँड्समध्ये १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत शिरला आणि अठराशेहून अधिक माणसे मेली. बांध पुन्हा बांधायला पैसा हवा होता, आणि तिथल्या जलमंडळांनी पुढच्याच वर्षी स्वतःची बँक काढली. तिचे बहुतांश शेअर आजही जलमंडळांकडे आहेत, थोडे सरकारकडे. बँकेच्या मागे सार्वजनिक संस्था उभ्या असल्याने तिला बाजारात स्वस्तात पैसा मिळतो आणि ती तो स्वस्तात पाण्याच्या कामाला देते. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. पुण्याला ते जमले कारण पुण्याची पत आहे. मराठवाड्यातल्या नगरपालिकेची पत कुठून येणार? बाजार श्रीमंत शहराला स्वस्तात आणि गरीब शहराला महागात पैसा देतो. एकेकट्या नगरपालिकेला बाजारात ढकलायचे नसेल तर सगळ्यांची मिळून एक सार्वजनिक पाणी बँक का असू नये? नाबार्डकडे ग्रामीण पायाभूत विकास निधी आहेच. १९९५-९६ पासून बँकांनी शेतीला द्यायचे राहिलेले कर्ज त्यात जमा होते आणि राज्यांना ग्रामीण कामांसाठी मिळते, ज्यात पिण्याचे पाणीही बसते. ते ग्रामीण भागासाठी आहे. पडेगाव १९८२ पासून शहर आहे.

शहर असण्याची शिक्षा पडेगावला आणखी एका ठिकाणी होते. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये अग्रक्रम क्षेत्राच्या नियमांत पिण्याचे पाणी आणि स्वच्छतेच्या सुविधा आणल्या. घरच्या संडासाच्या आणि घरगुती पाण्याच्या कामाचे कर्जही पुढे त्यात मोजले जाऊ लागले. चांगली गोष्ट आहे. पण ही सवलत एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या गावांना. लाखांच्या शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने संडास बांधायला कर्ज मागितले, तर त्या रकान्यात तिला जागा नाही.

आणि तसाही तिच्याकडे कागद कुठे आहे? गुंठेवारीतला प्लॉट बहुतेकदा शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेला असतो. २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, पण नियमित करून घ्यायचे तर शुल्क भरा, नकाशा काढा, चकरा मारा. आमच्या ओळखीतल्या एक ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांना बोअर आणि संडासासाठी पन्नास हजार हवे होते. एका सरकारी बँकेत गेल्या, तर मंजूर नकाशा आणि एनए मागितला. बाहेर आल्या तशा एका मायक्रोफायनान्सवाल्याने आठ बायकांचा गट करून दुप्पटीहून अधिक व्याजाने पैसे दिले, आधार कार्डावर. गंमत अशी की या कंपन्यांना भांडवल देणाऱ्यांत सरकारी बँकाही असतात. पैसा त्याच तिजोरीतून निघाला. ताईंपर्यंत येताना वाटेत महाग झाला.

महापालिकेच्या नळाची वर्षाची पट्टी ४,०५० रुपये होती, २०२२ मध्ये ती २,०२५ केली गेली. वृत्तपत्रांत मोठी बातमी झाली. ज्याच्या घरी नळच नाही त्याचे काय? वीस लिटरचा जार वीस रुपयांना धरला आणि दिवसाला एकच घेतला, तरी वर्षाचे ७,३०० होतात, आणि त्यात फक्त पिण्याचे पाणी झाले. ड्रमचे वेगळे. शहरातला सगळ्यात महाग पाणीग्राहक सगळ्यात गरीब वस्तीत राहतो. म्हणून ‘या लोकांची पैसे भरायची ऐपत नाही’ हे वाक्य ऐकले की आम्हाला हसू येते.

पाणी येताना पडेगावचा नंबर शेवटी, घाण जाताना मात्र पहिला. तीसहून अधिक वर्षे शहराचा कचरा नारेगावात पडला. १६ फेब्रुवारी २०१८ ला तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. महापालिकेने पडेगाव-मिटमिट्याकडे गाड्या वळवल्या. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, पोलिस घरांत घुसले, त्याची चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली, आणि पोलिस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवल्याची घोषणा विधिमंडळात करावी लागली. आज पडेगावला कचरा प्रक्रिया केंद्र आहे, सांडपाणी प्रक्रिया केंद्रही आहे. अशी केंद्रे कुठेतरी हवीतच, हे आम्ही मान्य करतो. पण शहराच्या नकाशात कर्जाचे आणि अनुदानाचे पैसे प्रक्रिया केंद्राच्या रूपाने जिथे सगळ्यात आधी पोहोचतात, तिथे नळाच्या रूपाने सगळ्यात शेवटी का पोहोचतात?

स्वच्छतेच्या कर्जाबद्दल एक कडवट गोष्ट सांगायलाच हवी. केंद्राने १९९७ मध्ये राष्ट्रीय सफाई कर्मचारी वित्त व विकास महामंडळ काढले. २ ऑक्टोबर २०१४ पासून त्याची स्वच्छता उद्यमी योजना आहे: सफाई कामगारांना सवलतीच्या व्याजाने कर्ज, कशासाठी, तर सार्वजनिक शौचालये चालवायला आणि मैला उपसायच्या गाड्या घ्यायला. गटारात माणूस उतरण्याऐवजी यंत्र उतरावे हे योग्यच आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये ३० लाखांवर न्यावी लागली, इतके ते मृत्यू थांबत नाहीत. पण यंत्राचे कर्जही त्याच जातीला का? बापाने डोक्यावर मैला वाहिला, मुलाने हप्त्यावर घेतलेल्या टँकरमध्ये वाहायचा? जलवाहिनीची २,७४० कोटींची कंत्राटे, पाइपचे कारखाने, मीटरचे ठेके यांसाठी वाल्मिकी-मेहतर तरुणाला सवलतीच्या व्याजाचे कर्ज देणारे महामंडळ आम्हाला अजून दिसले नाही. जात मोडायला दिलेले कर्ज जातीचाच धंदा पक्का करत असेल, तर व्याजदर चार टक्के असो की शून्य, ते स्वस्त म्हणता येणार नाही.

या सगळ्यावर आपल्यातले काही मित्र म्हणतात, मग सरकारी बँकांची बाजू कशाला घेता? त्यांनी आपल्याला दारात उभे केले नाही. खरे आहे. शाखेतल्या साहेबाचे आडनाव आम्हालाही दिसते. पण सरकारी बँकेला आपण संविधानाच्या नावाने जाब विचारू शकतो, तिचा कागद माहितीच्या अधिकारात मागू शकतो, तिच्या नोकरीत आरक्षण मागू शकतो. खाजगी सावकाराला यातले काय विचारणार? महाडचे तळे नगरपालिकेचे होते म्हणून तिथे सत्याग्रह झाला आणि खटला जिंकता आला. ते खरोखर कोणा चौधऱ्याचे खाजगी असते, तर १९३७ चा निकाल कसा लागला असता?

जुलै २०२५ मध्ये रस्ता रुंद करायला पडेगाव-मिटमिटा रस्त्यावर बुलडोझर फिरले. कित्येकांचे दुकान गेले, कित्येकांचा ओटा गेला, काहींचे बोअरही रस्त्यात गेले. रस्ता रुंद झाला की त्याखालून मोठी वाहिनी जाईल आणि मग पाणी येईल, असे लोक एकमेकांना सांगतात. कोणत्या वसाहतीत, कोणत्या साली, हे कुठल्या कागदावर लिहिले आहे का, ते कोणाला माहीत नाही.

म्हणून आम्ही तीन वेगवेगळे अर्ज करायचे ठरवले आहे. माहिती अधिकाराच्या महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द चालतात, त्यामुळे तीन. पहिल्यात ८२२ कोटींच्या कर्जाची कागदपत्रे, व्याजदर आणि परतफेडीची मुदत मागितली आहे. दुसऱ्यात हे कर्ज फेडण्यासाठी महापालिकेचे कोणते उत्पन्न बांधून दिले आहे आणि पाणीपट्टी वाढवायची अट आहे का, हे विचारले आहे. तिसऱ्यात पडेगाव-मिटमिट्यातल्या कोणकोणत्या गुंठेवारी वसाहतींच्या अंतर्गत वाहिन्या मंजूर आराखड्यात आहेत, त्यांची यादी मागितली आहे. पहिले दोन अर्ज आम्ही लिहिले. तिसरा त्या ताईंच्या नावाने आहे, मजकूर त्यांनी सांगितला आणि मुलीने लिहून घेतला. त्यांचे दारिद्र्यरेषेचे कार्ड आहे, त्यामुळे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प त्या अर्जाला लागत नाही. सोमवारी त्या एका घरचे काम सोडून आवक विभागात येणार आहेत.